बू राशिदची छोटी रायफल

शिकारीहून परतलेल्या माणसाला ऐकणारं कोणीतरी लागतंच. घरचे दोन दिवसांत कंटाळतात, मित्र फोन उचलेनासे होतात. मग तो माणूस आमच्या ऑफिसात येतो. त्यामुळे आमच्याकडे किस्से साचतात!

आमचं ऑफिस बहरीनमध्ये, हूऱ्यात, एका हॉटेलच्या मागे, दोन खोल्यांचं. इथून आम्ही हौशी लोकांना दक्षिण आफ्रिकेत शिकारीला पाठवतो, तिथला परवाना काढून, रीतसर. तिकीट, व्हिसा, बंदुकीचे कागद सगळं मी बघते. मी रिटा, मूळची वसईची. आयुष्यात एका उंदराशिवाय काही मारलेलं नाही, तोही चपलेनं. पण समोर चहा ठेवला की लोक मला शिकार शिकवतात.

आमचे मालक बू राशिद, इथलेच. साठी ओलांडलेले, हिंदी आपल्यासारखं बोलणारे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना मोठ्या रायफलचा धक्का सोसवत नाही. म्हणून ते टू-फोर्टी-थ्री नावाची छोटी रायफल वापरतात. तिची गोळी करंगळीच्या नखाहून बारीक. लहान हरणाला ती पुरते, हे सगळ्यांना मान्य आहे. पण कुडूला? कुडू म्हणजे तट्टाएवढं उंच, पिळदार शिंगांचं हरीण. बू राशिद म्हणतात पुरते, बाकीचे म्हणतात नाही, आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे याच्यावर वाद.

*

विरुद्ध पार्टीचे पुढारी इंजिनियर युसुफ. बू राशिदचे बालमित्र, राहायला इथल्याच झिंजमध्ये. त्यांची रायफल एवढी मोठी की पेटी लिफ्टमध्ये आडवी मावत नाही.

परवान्याचा अर्ज मी भरते म्हटलं तर म्हणाले, "मिस रिटा, हा टेक्निकल विषय आहे. मी भरतो."

आठवड्याभरानं जोहान्सबर्गहून एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन. आवाज अगदी गंभीर.

"मॅडम, या गृहस्थांच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाचं माप पंचाण्णव मिलिमीटर लिहिलंय."

मी कागद काढून बघितला. साडेनऊमधला पॉइंट साहेबांनी गाळला होता, रायफलची तोफ झाली होती!

"सर, चूक झालीय," मी म्हटलं.

"मला फक्त एवढंच सांगा," तो म्हणाला, "जहाज कुठल्या बंदरात लावणार आहात?"

*

त्याच ट्रिपची गोष्ट. आमच्याकडे शिकाऱ्यांसोबत हमीदभाई जातात, स्वयंपाकाला. हमीदभाई दाभोळचे. तिथलं सगळं मला कळतं ते त्यांच्याकडूनच.

युसुफसाहेबांनी पहिल्याच सकाळी एका हरणावर नेम धरला. डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला अगदी चिकटवून! मोठ्या रायफलला मागे जोरात धक्का असतो. बार उडाला, दुर्बीण मागे आली आणि साहेबांच्या भुवईवर बसली. रक्ताची धार! गोळी कुठे गेली कोणास ठाऊक. हरीण म्हणे मान वर करून बघत होतं.

जवळच्या गावात एका हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टाके घालताना त्यांनी आपुलकीनं विचारलं, "कुठल्या जनावरानं हल्ला केला?"

हमीदभाईंनीच तोंड उघडलं, "बाई, ते जनावर आम्ही बहरीनहूनच आणलंय. परवाना आहे!"

*

छोटी की मोठी या वादात हमीदभाईंचं मत मात्र पक्कं आहे, आणि ते स्वयंपाकघरातून आलेलं आहे. मोठ्या गोळीनं मांसाचा सत्यानाश होतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एका गिऱ्हाइकानं मोठ्या रायफलनं इवलंसं हरीण मारलं आणि ऐटीत फर्मावलं, "हमीद, आज मागच्या मांडीची, रानची बिर्याणी!"

हमीदभाईंनी ते जनावर उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, "साहेब, बिर्याणी मफी, नाही व्हायची. आज खिमा. तोपण तुम्हीच करून आणलाय, मी फक्त कांदा घालतो."

*

एक किस्सा मात्र हमीदभाई हसत सांगत नाहीत.

टाके पडले त्याच्या पुढच्या वर्षी युसुफसाहेबांनी बू राशिदची छोटी रायफल मागून घेतली. धक्का नाही, आवाज कमी. साहेब खूश! त्या खुशीत त्यांनी फार लांबून एका हरणावर गोळी झाडली. हरीण कोसळलं, उठलं आणि तीन पायांवर पळालं.

"जाऊ दे," युसुफसाहेब म्हणाले, "दुसरं बघू."

बू राशिद म्हणाले, "आज दुसरं नाही. हेच शोधायचं."

तिथल्या शिकारीच्या फार्मचा मालक पीट, एक म्हातारा गोरा, रक्ताचे थेंब बघत पुढे चालला. मागे हे सगळे. काट्यांनी कपडे फाटले, पाणी संपलं. दुपार कलल्यावर हरीण एका झुडपाखाली सापडलं. जिवंत होतं. बू राशिदनी जवळ जाऊन ते संपवलं आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. युसुफसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतताना जीपमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "किती जवळ जायला हवं होतं?"

"त्याचे कान हलताना दिसेपर्यंत."

"अरे, मग त्यालाही मी दिसेन!"

"म्हणून तर याला शिकार म्हणतात," बू राशिद म्हणाले. "लांबून पाठवायचं असतं तर कुरिअर म्हटलं असतं!"

*

आणि आता उम राशिदचा किस्सा. उम राशिद म्हणजे बू राशिदच्या पत्नी. नवरा दर उन्हाळ्यात जातो कुठे ते एकदा बघायचं, म्हणून गेल्या वर्षी त्याही गेल्या. इथल्या उन्हाळ्यात तिथे थंडी, त्यामुळे इथे रस्त्यावर डांबर वितळतंय आणि या माझ्यासमोर बसून स्वेटर निवडतायत!

तिथे त्यांनी गंमत म्हणून छोटी रायफल हातात घेतली. धक्का नसल्यामुळे जमायला लागलं. रोज पुठ्ठ्यावर सराव. पीट बघतच राहिला. त्याच सुमारास बू राशिदचा खांदा पुन्हा दुखायला लागला, त्यामुळे शेवटच्या दिवशी रायफल बाईंकडेच आली.

सकाळी झाडीत एक म्हातारा कुडू दिसला. एवढा जवळ की कान हलताना दिसत होते. पण तोंड यांच्याकडे, छाती झुडपाआड. छोट्या गोळीला वाव नव्हता. उम राशिदनी तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवली आणि वाट बघू लागल्या.

बू राशिद कानाशी लागले. "श्वास धर. खांद्याच्या मागे. घाई नको. बोट सैल ठेव. अजून थांब. डावा पाय पुढे. श्वास सोडू नकोस. आता सोड. नको, धर..."

मागे हमीदभाई चहाचा थर्मास घेऊन उभे होते. ते सांगतात, "रिटा, माझाच श्वास अडकला गो!"

शेवटी उम राशिदनी मान वळवली आणि नवऱ्याला चढ्या आवाजात म्हणाल्या, "इस्कित!"

म्हणजे गप्प बस.

त्या आवाजानं कुडू दचकला. खलास, आता पळणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो झुडपातून बाहेर आला, आडवा झाला आणि कोण ओरडलं ते बघत उभा राहिला. उम राशिदनी गोळी झाडली. चार पावलांत तो पडला. एकाच गोळीत!

बू राशिद आधी रडले, मग हसले, मग बायकोचा हात धरून तिथेच उभे राहिले. पीटनं टोपी काढली. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं म्हणे. त्यानं हमीदभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "गोळी झाडायच्या आधी बाई काय म्हणाल्या? दुआ होती का?"

हमीदभाईंना इंग्लिश जेमतेम. त्यांनी आपली मान हलवली. "येस, येस."

परवा सलमाबादचे एक गॅरेजवाले पीटच्या फार्मवरून शिकार करून परत आले. मी चहा ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मिस रिटा, सगळं छान होतं. माणसंही चांगली. पण मी नेम धरला, की तो म्हातारा गोरा छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, मला 'इस्कित' का म्हणायचा? मी तर तोंडही उघडलं नव्हतं!"