रामटेके काकांचा फोन

माझं पहिलं जाहीर भाषण रामटेके काकांनी मध्येच बंद पाडलं. मी विरोधी उमेदवारावर तुटून पडलो होतो आणि बोलता बोलता नवऱ्याने टाकलेल्या त्याच्या बहिणीवर घसरलो. लोक हसले. त्याच क्षणी माईक मुका झाला. मंचाखाली एक बारकेला माणूस मशीनच्या बटणावर बोट ठेवून शांतपणे माझ्याकडे बघत होता. सभा संपल्यावर मी भांडायला गेलो, तर वायरी गुंडाळत तो म्हणाला, "पत्रकात काय लिवाचं ते लिव गा. भोंगा लोकाइच्या सैपाकघरात जाते. तिथं कोणाच्या बहिणीले नेत नसतेत."

शामराव रामटेके उत्तर नागपुरात लाऊडस्पीकर भाड्याने देत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाचं चित्र, त्याखाली आवाज वाढवणारी दोन मशीन आणि सहा भोंगे. भोंगे मात्र धम्माच्या कार्यक्रमाला जात तसे गणपतीला, उरुसाला आणि झाडून सगळ्या पक्षांच्या सभांना जात. त्या भांडणानंतर मी त्यांच्याकडे येऊ-जाऊ लागलो होतो, पण मला ते खटके. प्रतिगाम्यांना आवाज का द्यायचा, असं मी एकदा विचारलं. "मी आवाज देतो, मत नाही देत," ते म्हणाले.

आणीबाणी उठली आणि शहरात सभांना ऊत आला. रामटेकहून, कामठीहून लोक एसटीने यायचे. काका घरी नसले की दुसऱ्याचे भोंगे ठरवून निघून जायचे. फोन घेणं भाग होतं. स्वस्तात कोणता पडेल याचा तपास काकांनी पंधरा दिवस केला. इंग्रजी फॉर्म वाचायला मी सोबत असे. साध्या यादीत नाव घातलं तर किती वर्षं लागतील, हे टेलिफोनच्या कचेरीतला कारकूनही सांगेना. "पोराच्या लग्नपत्रिकेवर छापा नंबर," तो म्हणाला. काकांचा पोरगा तेव्हा चौथीत होता. मोठी अनामत भरली तर फोन लवकर मिळणार होता, पण ती रक्कम त्यांच्याकडे नव्हती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आपल्याच लाइनवर दुसरा फोन जोडून देऊ केला. भाडं निम्मं. अडचण एकच: इकडे उचलला की तिकडचं बोलणं ऐकू येणार.

"रोगी लोकाइच्या गोष्टी राहतेत त्याच्यावर," काका म्हणाले. "आपल्या कानावर काहून घ्याच्या?"

राहिले समोरचे धान्याचे व्यापारी वामनराव. त्यांच्या दुकानात फोन होता. "आपलाच समजा," ते म्हणाले. काकांनी नव्या कार्डावर त्यांचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहिलं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलावून घ्या. फुकटात काम झालं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून डॉक्टरांची लाइन नाकारणाऱ्या या माणसाला, आपलं बोलणं कोणाच्या कानावर पडेल, हे सुचलंच नाही. मलाही नाही.

एका सूतगिरणीतल्या कामगारांनी गुपचूप सभा ठरवली. त्यांच्या चिटणीसाने फोन केला. लाइनवर खरखर होती, म्हणून काका दुकानात उभे राहून ओरडून खात्री करून घेत होते, "शुक्रवारी! गेटावर! पाच वाजता! दोन भोंगे!" शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा गेटासमोर पोलिसांची गाडी उभी होती आणि सभाबंदीचा कागद चिकटवलेला होता. सभा झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिघांना कामावरून काढलं.

वामनरावांनी काही लपवलं नाही. गिरणीच्या कँटीनला त्यांचं धान्य जाई. "मॅनेजर साहेब बसले होते, सहज बोललो गा," ते म्हणाले. "मले काय मालूम, चुपचाप करून राहिले म्हणून?"

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. वामनरावांचं नाव, दुकानाचा पत्ता, 'दलाल' हा शब्द तीनदा. काकांनी ते वाचलं आणि घडी करून माझ्या खिशात परत ठेवलं.

"काहून?" मी विचारलं.

"त्याचं दुकान, त्याचा फोन, त्याचे कान. बोंबलून कोन राहिला होता? मी."

उरलेल्या कार्डांवरचा नंबर त्यांनी निळ्या शाईने एकेक करून खोडला. तिघांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. एकाच्या बायकोने त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. मग दोन मशीनांतलं मोठं त्यांनी विकलं आणि अनामत भरली. फोन आला. पण एका मशीनवर मोठ्या सभा निभत नाहीत. धंदा निम्म्यावर आला तो पुन्हा वर गेला नाही.

मे महिन्याच्या भर दुपारी वामनराव आले. त्यांचा फोन चार दिवसांपासून बंद होता. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं आणि रायपूरहून मुलाकडच्यांचं पत्र, की विचार बदलला. काकांनी ट्रंक कॉल लावून दिला, रिसीव्हर त्यांच्या हाती ठेवला आणि मला म्हणाले, "चाल बाहीर."

मी हललो नाही. ज्याने तिघांची भाकरी घालवली, त्याचं काय होतं ते मला ऐकायचं होतं.

"पोरगी हाय त्याची. तुही सभा नोहे ते. चाल!"

बाहेर गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या. ट्रंक कॉलवर ओरडल्याशिवाय भागत नाही. दार ओढलेलं असूनही वामनराव स्पष्ट ऐकू आले, "नाही हो व्याही, पोरीत काही खोट नाही! कोणी सांगतलं तुम्हाले?" समोरच्या खिडकीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

दुरुस्त करून तपासायला काढलेला एक भोंगा आणि मशीन ओट्यावर होतं. काकांनी भोंग्याची पाठ घराकडे आणि तोंड गल्लीकडे केलं. पाठीमागे आवाज कमी जातो, हे त्यांना ठाऊक होतं. मग माईक हातात घेतला. काय बोलावं हे त्यांना सुचेना. शेवटी, चौथीपर्यंत शिकलेला तो माणूस पूर्ण आवाजात सुरू झाला, "बे एकं बे, बे दुने चार..."

बायका वैतागून आत गेल्या. कोणीतरी ओरडलं, "शामराव, ऊन लागलं काय गा?" काका थांबले नाहीत. दोनाचा झाला, तिनाचा झाला. धोतराने घाम पुसत पाचाचा झाला. आतलं एक अक्षरही गल्लीपर्यंत आलं नाही.

वामनराव दार उघडून बाहेर आले तेव्हा साताचा पाढा अर्ध्यावर होता. त्यांचे डोळे लाल होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वामनराव रस्ता ओलांडून आपल्या दुकानात शिरेपर्यंत ते साताचा पाढा म्हणत राहिले, आणि मग त्यांनी मशीन बंद केलं.