फुगीर चांदण्यांच्या पेट्या

हस्तकलेच्या बाईंना शाळेतली मुलं कागदबाई म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी पोरांच्या हातात कात्र्या दिल्या आणि एकाचंही बोट कापू दिलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचा वर्गही बंद झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, कोपऱ्यातलं कपाट तेवढं रिकामं करून द्या. तिथे आता संगणक येणारेत."

कपाटातून स्टिकरांच्या चौदा पेट्या निघाल्या. वर्गातली मुलं साठावरून वीसवर आली, पण मागणीची यादी कुणी बदललीच नव्हती. दरवर्षी माल साठ जणांचा येत राहिला. स्पंजचे फुगीर बदाम, चांदण्या, मासे, वाटाण्याएवढे ठिपके, आणि चकचकीत सपाट पट्ट्या. शिपाई म्हणाला, "द्या फेकून." कागदबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी गाडी केली आणि सगळ्या पेट्या घरी आणल्या.

घरी ताई होती. पाच वर्षांनी थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जिभेने तिखट. दोघीही लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, दोन खोल्यांत सुखाने भांडत राहणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावर चौदा पेट्या चढल्या तेव्हा ताई दारातच उभी राहिली.

"हे घर आहे की गोदाम?"

"चार दिवसांत वाटून टाकते गं."

चार दिवसांचे चार महिने झाले. शेजारच्या मुलांना दोन पानं दिली, तर त्यांनी आईच्या नव्या फ्रिजवर मासे पोहायला सोडले. आई ते मासे नखाने खरवडत तक्रार घेऊन आली. वाचनालयाने एक पेटी घेतली आणि आठवड्याने नम्रपणे परत केली. पेट्या पलंगाखाली गेल्या.

त्याच सुमारास डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ताईला विचारलं, "औषध वेळच्या वेळी घालताय ना? डोळ्यातला दाब वाढलाय." ताईला काचबिंदू होता. दोन औषधं होती, एक सकाळचं, एक संध्याकाळचं.

"मी आयुष्यात एक फोन चुकीचा जोडला नाही. औषध चुकवेन?" ताई ताडकन म्हणाली.

घरी आल्यावर कागदबाईंनी तिच्या उशाजवळच्या दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. सकाळची तळाला गेलेली. संध्याकाळची जवळजवळ भरलेली.

"ताई, तुला यावरचं वाचता येतं का?"

ताईने बाटल्या तिच्या हातातून काढून घेतल्या. मग म्हणाली, "दोन्ही बाटल्या एकसारख्या केल्यात मेल्यांनी." आणि भिंतीकडे तोंड करून बसली. किती दिवस ती हे लपवत होती, कुणास ठाऊक. कागदबाईंना स्वतःचाच राग आला. वर्गात मागच्या बाकावरचं मूल डोळे बारीक करायला लागलं तर त्यांच्या लगेच लक्षात यायचं, आणि घरातल्या घरात हे कळू नये!

संध्याकाळी त्यांनी पलंगाखालची एक पेटी ओढली, फुगीर चांदणी काढली आणि संध्याकाळच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवली.

"मी काय बालवाडीत आहे?" ताई कडाडली. तरी तिचा अंगठा झाकणावर गेला, चांदणीच्या टोकांवरून फिरला आणि थांबला. तिने बाटली उलटसुलट फिरवली. मग म्हणाली, "झाकणावर काय लावतेस, शहाणे? झाकणांची अदलाबदल झाली तर? बाटलीच्या अंगाला लाव."

त्या दिवसापासून हुकूम ताईचे आणि हात कागदबाईंचे, असं ठरून गेलं. साखरेच्या डब्याला बदाम, मिठाला मासा. "मासा खारट, म्हणजे विसरायला नको," ताईने खुलासा केला. कपडे धुण्याच्या यंत्रावर जिथे चकती थांबवायची तिथे ठिपका, घराच्या किल्लीला चांदणी. सगळंच जमलं असं नाही. शेगडीच्या बटणावरचा ठिपका उष्णतेने वाकडा होऊन गळून पडला. तेलाच्या बरणीवर काही टिकेना. मग कागदबाईंनी शोधून काढलं, की आधी साबणाने पुसायचं, कोरडं करायचं, दाबून लावायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. ताईला तो एक दिवस धीर धरवत नसे.

पुढच्या तपासणीला डोळ्यातला दाब उतरला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, ते डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण आहे ती राखता येईल, असंही म्हणाले. ताईने पिशवीतून बाटल्या काढल्या तशी तिथली परिचारिका पुढे झाली.

"आजी, हे काय लावलंय?"

"आजी कुणाला म्हणतेस?" ताई म्हणाली. पण मग तिने खुर्चीवर सरसावून बसत सगळं समजावून सांगितलं, अगदी साबणासकट.

परिचारिका दोन्ही बाटल्या डोळे मिटून चाचपून बघत राहिली. "आमच्याकडे रोज कुणीतरी औषधांची गल्लत करून येतं," ती म्हणाली. "आहेत का हो तुमच्याकडे आणखी?"

कागदबाईंना हसू आवरेना. "आणखी?" त्या म्हणाल्या. "तेरा पेट्या आहेत."

आता दर गुरुवारी दोघी बहिणी दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसतात. येणारा माणूस आधी ताईच्या हातात सापडतो. घरात काय काय चुकतं, ते ती खोदून खोदून विचारते, कारण लोक सहजी कबूल करत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक. मग कागदबाई त्याला स्टिकर मोजून देतात आणि लावायचे कसे ते दाखवतात. चकचकीत पट्ट्यांचं मात्र काय करावं ते कळत नव्हतं. हाताला त्या लागतच नाहीत. पण दवाखान्याच्या काचेच्या दारावर एक गृहस्थ कपाळ आपटून घेताना कागदबाईंनी पाहिलं, आणि तासाभरात सगळ्या काचेवर छातीच्या उंचीवर रुपेरी पट्टा उमटला. आता तिथे कुणी धडकत नाही.

गेल्या गुरुवारी एक म्हातारे शिंपी आले. चाळीस वर्षं शिवणकाम केलेले, आता दोऱ्यांचे रंग ओळखू येत नाहीत म्हणून दुकान बंद करायला निघालेले. ताईने त्यांना समोर बसवलं.

"लाल रिळाला काय लावायचं?"

"बदाम लावा," शिंपी लाजत म्हणाले.

"बरं. काळा?"

"काळ्याला काहीच नको. काही नसलं की काळा."

"हुशार आहात," ताई म्हणाली. "दुकान कशाला बंद करता? निळा सांगा."

शिंप्यांनी मासा मागितला. ताईला ठिपका हवा होता, कारण मासा म्हणजे मीठ. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी कागदबाईंनी मासे शिंप्यांच्या हातात ठेवले आणि ताईला सांगितलं, "अगं, दुकान त्यांचं आहे."