काहीही झालं तरी फोन उचलायचा

खोकला थांबेना म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "औषध देतो, पण आधी त्या टोकाच्या खोलीत जाऊन या." खोलीवर तंबाखू सोडवण्याच्या केंद्राची पाटी होती. ती वाचून मी सरळ मागे फिरलो असतो. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका बाईने माझी बाही धरली.

"बस रे हितं. मना एकटीला लाज वाटते."

साठीच्या आसपासची, बंदरावर मासे विकणारी बाई. लहानपणापासून दातांना तंबाखूची मिश्री लावायची. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून डॉक्टरांनी तिला दम भरून पाठवलं होतं. तिच्या पलीकडे कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. उभा जन्म जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेले, आता निवृत्त. त्यांच्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तुमच्या शर्टाला वास येतो, बाळाला घेऊ नका." नातीला हात लावता येईना म्हणून ते आले होते.

त्या दिवशी गर्दी होती, म्हणून समुपदेशक मुलीने आम्हा तिघांना एकदमच आत घेतलं. चघळायच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. म्हणाली, "पहिले काही आठवडे कठीण जातील. तलफ उठते आणि थोड्या वेळाने आपोआप बसते. तेवढा वेळ कुणीतरी सोबत हवं. एकमेकांचे नंबर घ्या."

बाहेर आल्यावर नियम मात्र त्या मासेवाल्या मावशीने केला. "काय पन होऊ दे, फोन उचलायचा. मी सुरमय कापत असले तरी उचलीन."

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळलेले पंखे, मिक्सर, आणि उन्हाळा जवळ आला की आंबेवाल्यांचे पाण्याचे पंप. तांब्याची तार गुंडाळताना ओठात सिगरेट ही माझी पंचवीसेक वर्षांची बैठक. ती काढून घेतल्यावर हातांना कामच सुचेना. वेटोळी चुकायची. एका गिऱ्हाईकाने "पंप कधी मिळेल?" एवढंच विचारलं, तर मी त्याच्यावर असा खेकसलो की समोरचा शिंपी उठून बाहेर आला. घरी बायको म्हणाली, "तुम्ही ओढत होतात तेव्हा निदान बोलायची तरी सोय होती." मग स्वतःच घाबरून म्हणाली, "नको नको, भांडा हवं तर. पण ओढू नका."

पहिला फोन मी जहाजावरच्या त्या काकांना केला. शेजारच्या टपरीवर चहाला गेलो होतो. टपरीवाल्याने सवयीने चहाबरोबर माझा ब्रँड पुढे केला, आणि माझा हात निघालासुद्धा. मी चहा तसाच टाकून मागच्या गल्लीत गेलो आणि नंबर लावला. पलीकडून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"काका, आंघोळ चाललीय का?"

"चालली होती. आता साबण लावून उभा आहे. बोल."

"राहवत नाही."

"बरं. तुझ्यासमोर काय दिसतंय ते सांग."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण सांगायला लागलो. जांभ्या दगडांच्या कुंपणाचा गडगा आहे. त्यावर मांजर बसलंय. "कसलं?" काळं-पांढरं. "शेपूट?" अर्धीच आहे. गडग्याला एक भेग आहे, त्यातून पिंपळ आलाय. काका एकेक प्रश्न विचारत गेले, मी नीट बघून उत्तरं देत गेलो. मध्येच त्यांना सणसणीत शिंक आली आणि मी हसलो. हसता हसता ध्यानात आलं, छातीतली ती ओढ गेली होती.

मावशीची तऱ्हा वेगळी. तिला फोन केला की ती आधी शिव्या घालायची. संध्याकाळी होड्या लागायच्या वेळी केला, तर म्हणायची, "आता बोलायला टाईम नाय. ऐक नुस्ता." आणि फोन चालू ठेवून कमरेला खोचायची. मग मी दुकानात बसून बंदरावरचा लिलाव ऐकायचो. बोली चढायची, मावशी मध्येच कुणालातरी "डोले फुटले काय तुझे?" म्हणून झापायची, टोपल्या आपटायच्या. शेवटी फोन कानाला लावून विचारायची, "गेली काय तलफ?" बहुतेक वेळा गेलेली असायची.

तिचेही फोन यायचे. पहाटे उठल्याबरोबर मिश्रीची सवय, त्यामुळे तिची वेळ तीच. मी झोपेतच उचलायचो. ती म्हणायची, "दात शिवशिवतायत रे." मी तिला तोंडात बडीशेप टाकायला लावायचो, आणि ती चावून होईपर्यंत आम्ही कोणत्या माशाचं कालवण चांगलं यावर वाद घालायचो.

मग एक दिवस काकांनी फोन उचलला नाही. दुपारी केला, संध्याकाळी केला. मावशीला विचारलं, तर तिचाही उचलला नव्हता. तिने टोपली शेजारणीकडे दिली, माझ्या स्कूटरवर मागे बसली आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो.

काका पडवीत एकटेच बसले होते. समोर परदेशी सिगरेटींचा आख्खा खोका. जहाजावरचा जुना सोबती भेटायला आला होता, प्रेमाने घेऊन आला होता. एक पाकीट फोडलेलं होतं.

"या," काका म्हणाले, पण आमच्याकडे बघेनात. "ओढली मी. एक नाही, दोन. माझं काही खरं नाही. तुम्ही दोघं पुढे जा."

मावशी पायरीवर बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "मी पन परवा लावली."

काकांनी मान वर केली.

"सुनेच्या डबीतली. बोट तोंडात घातलं आनि मग रडली मी. चुळा भरून भरून तोंड धुतलं. तुमाला सांगितलं नाय, कारन वाटलं तुमी दोघा सुधारलाव, मीच एक मागं रायली."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय? त्याच्यानंतर नाय लावली. काल नाय, आज नाय. तुमी दोन ओढलात, तिसरी ओढू नका म्हंजे झाला."

काका उठले, खोका उचलला आणि परसात गेले. जास्वंदीला घालायला भरून ठेवलेल्या बादलीत त्यांनी एकेक पाकीट फोडून बुडवलं. पाणी तपकिरी होत गेलं. शेवटचं पाकीट बुडवताना म्हणाले, "ह्या पाण्याने जास्वंद मरेल." मावशी म्हणाली, "गटारात ओता. जास्वंदीनं काय केलान तुमचा?" तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

त्या दिवसापासून आमच्यात लपवाछपवी राहिली नाही, आणि गंमत म्हणजे त्यानंतर सगळं सोपं होत गेलं. फोन कमी झाले. एके सकाळी दुकान उघडलं आणि तारेला लावायच्या व्हार्निशचा वास नाकात असा शिरला की मला शिंका आल्या. इतकी वर्षं त्या वासात बसून मला तो कधी आलाच नव्हता. त्याच आठवड्यात बसस्टँडजवळ एक बाई सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकत होती. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मला वास आला. मी वळेसर घेऊन घरी गेलो. बायकोने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "वास येतोय मला." वळेसर माळताना ती आरशात माझ्याकडे बघून हसत होती.

शिमग्याला गावी गेलो, तेव्हा त्या दोघांनाही सोबत नेलं. आमच्या गावात पालखी घरोघर फिरते. गेली कित्येक वर्षं मी विजेची कामं माझ्याकडे घेऊन खांदा द्यायचं टाळत आलो होतो. या वर्षी मानकऱ्यांना सांगितलं, वरच्या वाडीपर्यंत मी खांदा देतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाखाडी चढायची आहे, माहीत आहे ना?" पाखाडी म्हणजे जांभ्याच्या दगडांची उभी पायवाट. म्हटलं, माहीत आहे.

ऊन कलताना आम्ही निघालो. ढोल मागून, सनई पुढे. अर्ध्यावर पायांत गोळे आले, घाम डोळ्यांत गेला, पण श्वास चालू राहिला. खोल, पुरेसा, माझा स्वतःचा श्वास. वरच्या अंगणात पोचल्यावर खांदेकरी पालखी खाली ठेवतील असं मला वाटलं. पण ढोलाने गती घेतली आणि पालखी नाचायला लागली. मीही नाचलो. गुडघे वाकवून, खांदा हलवून, ओरडत नाचलो. गर्दीत काका दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. आणि मावशी, जी काळ्या दातांपायी माणसांत तोंड उघडून हसायची नाही, ती तोंड भरून हसत होती.

पालखी टेकल्यावर माझा चुलतभाऊ घामाघूम होऊन जवळ आला आणि पाकीट पुढे केलं. "घे, एवढा नाचलास."

"सोडली," मी म्हटलं.

आजवर मी सगळ्यांना "सोडतोय" असंच सांगत आलो होतो. चुलतभावाने पाकीट मागे घेतलं आणि विचारलं, "कशी रे सोडलीस?" मी त्याला हाताला धरून काका आणि मावशी बसले होते तिकडे घेऊन गेलो. मावशीने सरकून त्याला जागा केली.