आधी खांदा

मामा माणसाच्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत. दुकानात पाऊल टाकलं की त्यांची नजर थेट आपल्या खांद्यावर.

"आधी खांदा, मास्तर. तोंड काय, रंगवता येतं."

नगरात त्यांचं नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं दुकान होतं. मी जवळच केडगावात शिक्षक. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी यात्रेला दरवर्षी नाटक बसवायचो आणि कपडे मामांकडूनच न्यायचो.

आमच्या भागात घरोघरी लष्करातला माणूस, त्यामुळे नाटकाला पहिली रांग पेन्शनरांची. एकदा मामांनी कर्नलच्या खांद्यावर सुभेदाराची चिन्हं लावली. भर प्रयोगात एक म्हातारे सुभेदार उठले. "आरं, ह्याला खाली कुनी उतरवला?" गाव खो खो हसलं, नाटक तिथंच पडलं. मामांनी ते मनाला फार लावून घेतलं.

बांगलादेशाची लढाई जिंकल्यावर वर्षभराने सरकारने जनरलच्याही वरचा हुद्दा दिला, फील्ड मार्शल. आपल्या देशात पहिलाच. तो मी लगेच नाटकात घेतला आणि मामांची झोप उडाली.

"जनरलच्या वर? म्हाराजांच्या टायमाला सरनोबत हुता. त्याच्या वर खुद्द म्हाराज! मग ह्यो कुटं बसतो?"

"इंग्रजांकडे हा हुद्दा आधीपासून होता, मामा."

"मग आपल्याकडं इतकी वर्सं का न्हवता?"

फील्ड मार्शल कधी निवृत्त होत नाही, एवढं मी पेपरात वाचलेलं सांगितलं. मामा खूश झाले. "मग त्यो आन् मी सारकंच!"

पण त्याच्या खांद्यावर असतं काय? पेपरातल्या फोटोत खांद्याच्या जागी शाईचा डाग. मामा लष्कराच्या कॅम्पाच्या फाटकावर विचारायला गेले, तर पहारेकऱ्याने हाकलून दिलं. मग पत्र्याचे तारे मांडून बसायचे. "मोठा मानूस हाय. सात लावू का?"

शेवटी त्यांनी युक्ती काढली. नाटकात सत्काराचा प्रसंग होता, म्हणून नटाला शाल पांघरूनच रंगमंचावर सोडलं. पहिल्या रांगेतून तेच सुभेदार गरजले, "शाल काड! खांदा दाव!"

तेवढ्यात विंगेतून मामाच हात जोडून पुढे आले.

"सुभेदारसाहेब, मला ठाव न्हाई. लई जनांला इचारलं. तुमी सांगा, आत्ता शिवतो."

सुभेदार मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मलाबी ठाव न्हाई, मामा. आमी तरी कवा बगितला?"

गाव पुन्हा हसलं, पण या वेळी मामाही हसले. नाटक शालीसकट पार पडलं.

त्यानंतर सुभेदार दर बाजाराच्या दिवशी मामांच्या दुकानात येऊन बसायचे. समोरून लष्करी शिपाई गेला की दोघं त्याला चहा पाजून तोच प्रश्न विचारायचे. त्या दोघांचा मला हेवा वाटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका साप्ताहिकात मला स्वच्छ रंगीत फोटो मिळाला. तसाच सायकल मारत दुकानावर गेलो. दुकानाला कुलूप होतं आणि पायरीवर सुभेदार बसले होते.

"मामा गेला, मास्तर. परवा."

मी नुसता फोटो पुढे केला. खांद्यावर अशोकाचे सिंह, खाली मानाचा दंड आणि तलवार एकमेकांवर आडवे, भोवती कमळांची माळ.

"तारा एकबी न्हाई?"

"एकही नाही."

सुभेदारांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग कुलपाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले,

"ऐकलं का, मामा? तारं काडून टाक."