कानाने माल बघणारे गनीचाचा

गनीचाचा अत्तार माल आधी कानाने बघत. पोत्याचं तोंड सोडलं की कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातली मूठभर वाळलेली फुलं वर काढायची आणि ती मूठ कानाशी नेऊन हळूच आवळायची. समोर कितीही मोठा माणूस असला तरी तेवढा वेळ त्याने गप्प बसायचं. मग मूठ उघडून चाचा म्हणत, "बोलतोय," नाहीतर म्हणत, "ओला हाय." तिसरा शेरा नव्हता.

मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले ती भांडायला. सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत दुकान. आत पोती, एक तराजू आणि भिंतभर फळ्यांवर रचलेल्या कागदी पुड्या. कुपवाडच्या एका कारखान्याला चहाच्या पुड्यांसाठी आणि साबणासाठी कॅमोमाइलची वाळलेली फुलं ठोकात लागत. ती चाचा मिळवून देत. थोडी उंब्रजच्या दोन शेतकऱ्यांकडून, बाकी सगळी इजिप्तहून, मुंबईच्या बंदरातून. इजिप्तला ते मिसर म्हणत आणि कॅमोमाइलला बाबुना. चाचांनी "बोलतोय" म्हटलेलं पोतं कारखाना उघडूनही बघत नसे. तो एक शब्द हीच त्यांची सगळी इस्टेट.

माझ्या हातात ताजं पत्रक होतं: 'इथल्या बाईला काम नाही, परदेशी फुलाला पायघड्या!' आमची कष्टकरी बायकांची संघटना लहान, पण पत्रकं जोरात. त्या काळात माझी रीत अशी होती, की आधी छापायचं आणि मग चौकशी करायची.

चाचांनी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या माझ्या नाव-गावापर्यंत वाचलं. "लिवलंय झ्याक. हे फूल बघितलंयस का कवा?"

नव्हतं बघितलं. मी म्हणाले, "फूल कशाला बघायला पाहिजे? तुमचा धंदा दिसतोय की."

त्यांनी एक फूल उचललं, नखाने उभं चिरलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. "पोटात बघ."

मधला पिवळा गोंडा आतून पोकळ होता. इवलासा, पण नीट कोरल्यासारखा पोकळ.

"खरा बाबुना पोटात पोकळ असतोय. भरीव निघाला तर ते दुसरंच गवात. मिसरचा असू दे न्हाईतर तुझ्या आष्ट्याचा, मी पोट बघतो. पासपोर्ट न्हाई बघत."

मला राग आला होता हे खरं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं, हेही खरंच आहे. मी बसले. ओला माल ओळखतात कसा? ओलं फूल दबतं, आवाज करत नाही. फार वाळलेलं? त्याचा भुगा होतो, तो चहाच्या पुडीतून गळतो. आणि भिंतीवरच्या या पुड्या? आलेल्या प्रत्येक मालातली मूठभर फुलं त्यांत बांधलेली होती. वर गाव लिहिलेलं आणि एखादा शब्द. नापास मालाच्याही होत्या.

"त्या कशाला ठेवता?"

"पास झालेला माल इसरला तरी चालतंय, पोरी. नापास का केला ते इसरून न्हाई चालत. उद्या माणूस इचारायला येतोय." मग माझं पत्रक घडी करून त्यांनी खिशात घातलं. "तुमच्या बायकांना लावाय सांग बाबुना. माल बोलला तर मिसरच्या पोत्याशेजारी ठेवीन. जबान हाय आपली."

आष्ट्याला माझी शांतामावशी आमच्या वस्तीतल्या बायकांचा गट चालवते. उसाच्या आणि हळदीच्या गावात ही फुलं लावणार म्हटल्यावर पारावरचे हसले. "शांताबाई, आता हार इकणार व्हय?" मावशी म्हणाली, "व्हय तर. पयला तुझ्या फोटूला घालते."

हिवाळ्यात पेरलं, फेब्रुवारीत रान पांढरं झालं. खुडून खुडून बायकांची बोटं आखडली. वाळवायचं कसं ते चाचांनी सांगितलं होतं: सावलीत, पातळ थर, पांढऱ्या कापडावर. सावली मावशीच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. एरवी तिथे हळद वाळते, म्हणून आम्ही जमीन तीनदा झाडली आणि शेणाने सारवली. पांढरं कापड एवढं कुठून आणायचं? आम्ही जुन्या रंगीत साड्या अंथरल्या. शेजारच्या खळ्यात हळद पॉलिश करायचा ड्रम दिवसभर गडगडत होता. त्याच्यावर आवाज चढवून बायका गाणी म्हणत आणि फुलं परतत.

टेम्पोतून पोती घेऊन आम्ही सांगलीला गेलो. चाचांनी हात आत घातला, मूठ कानाशी नेली. एक फूल चिरलं. मग मूठ नाकाशी नेली आणि तिथेच थांबले. ते काहीतरी म्हणाले, माझं लक्ष फक्त शेऱ्याकडे, आणि शेवटी, "ह्यो माल मी पुढं देऊ शकत न्हाई. हळदीचा वास हाय."

माझं डोकं फिरलं. "चाचा, अख्ख्या सांगलीला हळदीचा वास येतो. तुम्हालाही येतोय!"

"मला आला तर चालतंय. चहाला न्हाई चालत."

"परदेशी माल वाचवायचा म्हणून सांगा की सरळ!"

मावशी माझा दंड ओढत होती. "आगं, ते काय म्हणत्यात ते ऐक तरी." मी ऐकायला आले नव्हते. दोन दिवसांत पत्रक छापून यार्डाच्या भिंतीवर चिकटवलं: 'दलालाचं नाक आणि बायकांचा घाम.' चाचांचं नाव ठळक अक्षरात. देशी मालाला खोटा दोष लावणारा माणूस, असं लिहिलं. मला ते फार छान जमल्यासारखं वाटलं होतं.

पत्रकाचा परिणाम झाला. उंब्रजच्या शेतकऱ्यांनी चाचांकडे माल पाठवणं थांबवलं. कारखान्याने त्यांची पोती उघडून बघायला सुरुवात केली. आम्ही त्याला विजय म्हणालो.

आठवड्याभराने चाचा एसटीने आष्ट्याला आले. आधी शेडच्या दारात उभे राहून त्यांनी शेजारचा ड्रम किती तरी वेळ बघितला. मग बायकांना बोलावलं. पिशवीतून पांढरं धोतराचं कापड काढलं, ओलं करून पिळलं, पसरलं, आणि परत आलेल्या पोत्यातली आमचीच मूठभर फुलं त्यावर टाकून हळूहळू घोळवली. फुलं झटकली. कापड पिवळसर झालं होतं.

मी लगेच म्हणाले, "फूलच पिवळं असतं."

"असतंय की," चाचा म्हणाले. "शांताबाई, चुना हाय का तुमच्याकडं? माझा नको. ही पोरगी म्हणंल, म्हाताऱ्यानं चुन्यात काय तरी कालवलं."

मावशीने कमरेची चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि स्वतःच कापडावर ओढला. बोट जसं पुढे सरकत गेलं, तशी मागे लाल रेघ उमटत गेली.

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे तिथल्या एकाही बाईला समजावून सांगायला नको होतं. जमीन आम्ही तीनदा झाडली होती. हवा कोण झाडणार? त्या दिवसांत आष्ट्यात पिवळी धूळ सगळ्यांच्या केसांत असते, भाकरीवर असते, म्हणून ती कोणालाच दिसत नाही. आणि फुलाचा गोंडा मुळातच पिवळा.

"कारखान्यात तपासायच्या यंत्रावर घातलं असतं," चाचा म्हणाले, "तर त्यांनी लिवलं असतं, आष्ट्याच्या बायकांनी रंग मारला. मग जन्मात कुणी तुमचं पोतं घेतलं नसतं."

मावशी पहिल्यांदा हसली. "फुलांना हळद लागली म्हणायची. आता नवरा तुमीच बघा, चाचा."

त्यांनी खरंच बघितला. मिरजेत उटणं करणारा एकजण होता. पोत्यावर चाचांनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं: 'बाबुना, हळद लागलेला, प्यायला नाही.' चहाचा भाव नव्हताच, पण माल जसा होता तसाच सांगून विकला गेला.

मी एसटी स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत गेले. "चाचा, चुकलं माझं. माफ करा."

"हितं कोण ऐकतंय?" ते म्हणाले. "नाव छापून बोललीस ना? नाव छापूनच दुरुस्त कर. त्याच भिंतीवर."

संघटनेतल्या मोठ्यांनी मला समजावलं, की माघारीचं पत्रक कोणी काढत नसतं, लोक हसतील. मी लिहिलं, पण कसं? 'काही गैरसमजांमुळे', 'परिस्थितीच्या रेट्यात', 'व्यापक हिताचा विचार करता'. प्रूफ घेऊन चाचांना दाखवायला गेले. त्यांनी वाचलं. मग तो कागद मुठीत गोळा करून कानाशी नेला आणि हळूच आवळला.

"ओला हाय," म्हणाले. "परत वाळव."

तिथेच पोत्यावर बसून मी पुन्हा लिहिलं. चार ओळी झाल्या. 'गनीचाचा अत्तार यांनी आमचा माल नाकारला तो बरोबर नाकारला. फुलांवर हळदीची धूळ होती. आम्ही तपासलं नाही आणि त्यांना खोटं ठरवलं. ही चूक लिहिणारीची आहे.' खाली माझं नाव. चाचांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "आता बोलतोय."

लोक हसले. महिनाभर हसले. त्यानंतर उंब्रजची पोती पुन्हा चाचांकडे यायला लागली.

पुढच्या हंगामात मावशीने गावाबाहेरच्या शाळेचे दोन रिकामे वर्ग मागून घेतले आणि बायकांनी घरोघरची पांढरी धोतरं गोळा केली. तो माल मिसरच्या पोत्याशेजारी ठेवताना चाचांनी मला मुद्दाम फोन केला होता. "ये, शेजार बघून जा."

ते पाहून दोन महिने झाले आणि चाचा गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आता दुकानात त्यांची मुलगी शबाना बसते. भेटायला गेले तेव्हा ती फळीवरच्या जुन्या पुड्या काढून पुसत होती. "ताई, ही तुमची असणार," म्हणून तिने एक पुडी पुढे केली.

पुडीचा कागद ओळखीचा होता. 'दलालाचं नाक आणि बायकांचा घाम.' चाचांचं ठळक नाव घडीवर आलेलं. त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं: 'आष्टा. पोट बरोबर. आवाज बरोबर. हळद.'

म्हणजे नाकारण्याआधी ते हेच म्हणाले होते. त्या दिवशी, माझ्या ओरडण्याच्या आधी.

मी पुडी सोडली, फुलं मुठीत घेतली आणि कानाशी नेली. शबाना हातातलं फडकं ठेवून गप्प उभी राहिली. मी मूठ हळूच आवळली.

बोलत होती. बायकांनी उत्तम वाळवली होती.