मेंदीचं कुंपण आणि दोन बटणं

पारनेरजवळ आमचं घर आहे आणि अंगणाला मेंदीचं कुंपण. ते छाटायला मुलीनं पुण्याहून विजेवरचं मशीन आणलं. बायकोनं ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये मी चालवनार."

मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. नवी वस्तू आली की आधी वाचायला घेतो. सोबतचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचलं. तिनं मन लावून ऐकलं.

बायकोच्या डाव्या हाताची दोन बोटं दहा वर्षांपूर्वी कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेली. गावात तिच्याइतकी धीट बाई नव्हती, पण तेव्हापासून तिनं मिक्सरलासुद्धा हात लावला नाही. चटणी पाट्यावर वाटायची. कुठं मोटर सुरू झाली की घरात जायची. माझा जीव तुटायचा. आता ती आपणहून मशीन मागत होती, म्हणजे देवच पावला होता.

पण ह्या मशीनला दोन बटणं. एक मागच्या मुठीत, एक पुढच्या दांड्यावर. दोन्ही हातांनी दाबून धरली तरच पातं चालतं. तिला ते जमणार नाही, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं. आमच्याकडं गळक्या पाइपापासून मोडक्या खाटेपर्यंत सगळ्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी हाच इलाज. पुढचं बटण मी पट्टीनं करकचून आवळलं आणि ऐटीत मशीन तिच्यापुढं धरलं. "घे, आता एका हातानं चालेल."

तिचा पारा चढला. "अवो, कुट्टीचं झाकन कुनी काढलं हुतं? वैरन लवकर सरकावी म्हनून?"

मीच काढलं होतं. दहा वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मला वाटायचं, तिला आठवत नसेल. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला दोन बोटं गेलेली पुरली नव्हती, आणि तीही तिची.

तिनं पट्टी सोडून फेकून दिली. पुढचं बटण चांगलं लांबरुंद होतं. त्यावर तिनं डावा तळवा दाबला. "दोन बोटं न्हाईत. हात हाय की."

तिनं माझे बूट घातले, डोळ्यांवर मशीनसोबत आलेला चष्मा चढवला, वायर खांद्यावरून मागं टाकली. पातं खडखडलं तशी ती दचकली, तळवा सुटला आणि मशीन जागच्या जागी थांबलं. ती बघत राहिली. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं पाचसहा वेळा. कुट्टी त्या दिवशी थांबली नव्हती. हे मात्र ती सोडेल तेव्हा थांबत होतं. मग ती हसली आणि मेंदीकडं वळली.

अर्ध्यात एक जाड काटकी पात्यात अडकली. मी सवयीनं हात घातला.

"आधी पिन काढा! तुमीच वाचलं ना?"

मी बोर्डातली पिन काढली. तिनं ब्रशनं पाला झाडला, पात्याला तेल सोडलं. दहा वर्षं न बोललेलं तेव्हा बोललो. "चुकलं माझं. झाकण काढायला नको होतं."

ती पातं पुसत राहिली. माझे डोळे भरून आले होते, ते तिनं पाहिलं असावं.

"व्हय," ती म्हणाली. "पिन लावा आता. आन् वायर धरा, रस्त्याकडची बाजू ऱ्हायलीय."