पाळण्याची कडी आणि आदर्कीचा घाट

तिसऱ्या वळणावर इंजिन पुन्हा घसरलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि मागचे डबे हळूहळू उलटे खाली सरकायला लागले. मी घाईने कंट्रोलर बंद केला.

"वाळू टाकू या का?" अण्णांनी विचारलं.

खरी गाडी घाटात घसरली की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण आमचं इंजिन वीतभर लांब. त्याच्या चाकात वाळूचा एक कण गेला तरी संपलं. मी नाही म्हणाले. अण्णा हसले. मला मात्र हसू येत नव्हतं.

मी सांगलीत इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव आटपाडीच्या बाजूला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्यामुळे मी दुपारनंतर कुठे काम करते हे घरी नीट समजावून सांगता येत नाही. साळुंखे सरांचं वर्कशॉप आहे. तिथे बिल्डिंगची, धरणांची, कारखान्यांची मॉडेल्स बनतात. मी ड्रॉइंग काढते, प्लायवूड कापायला देते, वायरिंग बघते. अण्णांचं काम हे सरांनी पहिल्यांदाच पूर्ण माझ्यावर सोपवलेलं काम होतं.

अण्णा रेल्वेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पुणे ते मिरज या मार्गावर त्यांची बरीच नोकरी गेली, आणि त्यातही त्यांचा जीव आदर्कीच्या घाटात अडकलेला. खाली लोणंद, वर वाठार, मध्ये चढ, वळणं आणि बोगदे. तो घाट त्यांना घरात हवा होता. घर दोन बेडरूमचं, स्वतःच बांधून घेतलेलं, आणि त्यातली मागची खोली दहा बाय आठची.

लहान जागेत घाट बसवायचा तर एकच उपाय असतो, मजले करणे. खाली एक स्टेशन, त्याच्यावर दुसरं. प्रश्न असतो गाडी वर न्यायची कशी. मॉडेलची गाडी शंभर सेंटिमीटर पुढे जाताना दोन सेंटिमीटर वर चढली तर सुखाने चढते. याला आम्ही ग्रेड म्हणतो. शंभराला तीनच्या पुढे गेलं की इंजिन रडायला लागतं. एवढा लांब रस्ता लहान खोलीत आणायचा कुठून? म्हणून मी हेलिक्स केला होता. हेलिक्स म्हणजे गोल जिना. स्प्रिंगसारखा रूळ एकावर एक फिरत वर जातो. तो खोलीच्या मधोमध उभा केला, कारण तिथे छताला एक भक्कम लोखंडी कडी होती. त्या कडीतून रॉड सोडून वरचा मजला टांगला. कडी बघून मला फार आनंद झाला होता. ड्रॉइंगमध्ये तिच्याभोवती मी लाल गोल केला होता.

पण गोल लहान, म्हणून चढ तीनच्या पुढे गेला. त्यात सतत वळण, म्हणजे घर्षण जास्त. तीन डबे लावले की गाडी घसरायची. अण्णांना घाटातली पूर्ण लांबीची गाडी हवी होती.

आम्ही डबे कमी करून बघत होतो, तेवढ्यात दार उघडलं. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आल्या होत्या. त्या काही दिवस साताऱ्याला लेकीकडे, रूपाताईंकडे गेल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. हातात पिशवी तशीच धरून त्या दारात उभ्या राहिल्या. आधी हेलिक्सकडे बघितलं, मग वर कडीकडे.

"ह्ये काय टांगलंय?"

"घाट हाय आपला," अण्णा म्हणाले. "बघ तरी. आदर्की."

"त्या कडीला टांगलंय?"

मी म्हणाले, "काकू, कडी पक्की आहे. मी वजन लावून बघितलंय."

"पक्की असनारच. मी हुबं राहून बसवून घेतलीया, स्लॅब टाकताना. पाळण्याची कडी हाय ती."

आमच्या घराला पत्रा आहे. लहान बाळ असलं की लुगड्याची झोळी करून वरच्या अँगलला बांधतात. पाळण्यासाठी छतात कडी ठेवतात हे मला माहीतच नव्हतं. स्लॅबच्या घरात मी कडी बघितली ती कॉलेजच्या वर्गात, आणि तिला पंखा होता. मी अण्णांच्या खोलीतली कडीही तशीच समजले होते.

"पण आता पाळणा कशाला?" अण्णा म्हणाले आणि मध्येच थांबले.

"रूपाला आणायची हाय. सातवा लागला की. पहिलं बाळंतपण माहेरात हुतंय, का त्ये पन इसरलासा?"

"मला वाटलं तिकडं दवाखाना चांगला हाय..."

"दवाखाना हिकडं न्हाई व्हय? आनि तिला ठिवू कुठं? ह्या जिलबीत?" काकूंनी हेलिक्सकडे बोट केलं. "कडी बसवली तवा तुमी कुठं हुतासा?"

"घाटात," अण्णा हळूच म्हणाले.

काकूंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तू गं? बाई मानूस असून कडी कळली न्हाई?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या. जाताना म्हणाल्या, "खोली मोकळी करा."

अण्णा स्टुलावर बसले. इंजिन हातात घेऊन त्याची चाकं बोटाने फिरवत राहिले. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. काम सुरू झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी दाढी करून, शर्ट इन करून त्या खोलीत येऊन बसायचा. ड्युटीवर आल्यासारखा. त्याआधी वर्षभर ते दुपारी बाराला उठायचे, हे त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं होतं.

वर्कशॉपला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं.

"माप घेताना कुणाला विचारलंस?" सर म्हणाले.

"अण्णांना."

"घर कोण चालवतं? अण्णा की काकू?"

मी हातातलं ड्रॉइंग गुंडाळायला लागले.

"काम मोडायचं असेल तर मी फोन करतो. टिकवायचं असेल तर तू जा. उद्याच जा. ड्रॉइंग घेऊन नको जाऊस, टेप घेऊन जा."

रात्री मला झोप लागली नाही. प्लायवूड कापून झालं होतं. काम परत आलं तर सर मला पुन्हा साईटवर पाठवतील का, ही भीती होती. पण डोळे मिटले की अण्णांचं चाक फिरवणारं बोटच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर हेलिक्स अजून तसाच होता. अण्णा बाजारात गेले होते. मी चाचरत काकूंना म्हणाले, "काकू, रूपाताईंची कॉट कुठे येणार ते दाखवाल का? मला माप घ्यायचंय."

"माप घिऊन काय करनार?"

"काय काय उरतं ते बघते."

काकूंनी दाखवलं. इथे कॉट. इथे शेगडी, शेक द्यायला. मधोमध पाळणा, आणि त्याला झोका घ्यायला मोकळी जागा. इथे काकू स्वतः बसणार. मी खडूने फरशीवर एकेक आखत गेले. शेवटी फरशीवर काहीच उरलं नाही. मी तशीच खडू धरून बसले.

"दिसलं?" काकू म्हणाल्या. "आता ऱ्हायल्या भिती. घ्या की तुमची गाडी भितीवर. भितीवर काय कुनी निजत न्हाई!"

टोमणाच होता तो. पण मी वर बघितलं. आमच्या गावच्या घरात चारी भिंतींना डोक्याच्या उंचीवर फळी आहे. तिच्यावर पितळेचे डबे, घागरींची उतरंड, पराती. खाली आम्ही सहा जण झोपतो आणि फळी कधी कुणाच्या आड येत नाही. मी रोज जिच्याखाली झोपत आले ती गोष्ट मला कागदावर आठवली नव्हती.

मी तिथेच फरशीवर आकडेमोड केली. भिंतीला लागून चारी बाजूंनी फक्त फूटभर रुंदीची फळी. लोणंद एका भिंतीवर, वाठार समोरच्या. मधलं अंतर खोलीभोवती दीड फेरा. दीड फेऱ्यात फूटभर चढायचं, म्हणजे शंभराला दोन. मी तीन वेळा ताडून बघितलं. हेलिक्समुळे गाडी घसरत होती, आणि हेलिक्स गेला की रस्ता आपोआप लांब होत होता. मजले एकमेकांच्या बरोबर वर ठेवायची गरजच नव्हती.

"काकू, कॉटवर बसल्यासारखं बसून दाखवता का?"

कॉट अजून आली नव्हती. त्या पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसल्या. मी त्यांच्या डोक्यापर्यंतची उंची मोजली.

"माझी कशाला मोजतीस? रूपा माज्यापेक्षा उंच हाय. तिच्या बापावर गेलीया. अजून चार बोटं वर घे. अंबाडा घालती ती."

मी चार बोटं वर घेतली. अंबाड्याचीही दोन धरली.

अण्णा आले तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. "दार कुठं गेलं?" एवढंच विचारलं.

दारातून रूळ एकदाच जात होता. तिथे बिजागरीवर उचलता येणारा पूल केला. भीती एकच होती. गाडी येत असताना कुणी पूल उचलला तर इंजिन पाच फुटांवरून फरशीवर. म्हणून पूल उचलला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या हातभर रुळातला करंट आपोआप बंद होईल असा स्विच बसवला. पुलाची उंची अशी आली की काकू खालून सरळ जायच्या आणि अण्णांना वाकावं लागायचं. काकूंना हे फार आवडलं.

हेलिक्स काढला. कडी मोकळी झाली. अण्णांनी तिला स्वतः तेल लावलं.

चाचणीच्या दिवशी सर येणार होते, पण त्यांना दुसरीकडे जावं लागलं. मी एकटीच. अण्णांनी पूर्ण गाडी जोडली, एकही डबा न सोडता. त्याच दुपारी रूपाताई साताऱ्याहून निघाल्याचा फोन आला होता. म्हणून मला घाई होती. अण्णांना अजिबात नव्हती.

गाडी लोणंदहून सुटली. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. पहिली भिंत गेली. दुसरी गेली. आवाज एकसारखा. गाडी दाराकडे वळली आणि त्याच क्षणी बाहेरून आवाज आला, "आई, हे काय आडवं?" रूपाताईंचे मिस्टर होते ते. उंच, हातात बॅगा. त्यांनी खांद्याने पूल वर उचलला.

इंजिन पुलाच्या तोंडाशी आलं, आणि थांबलं. कडेपासून वीतभर अलीकडे.

"आऊटरला घेतली," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. स्टेशनात जागा नसली की गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी करतात, त्याला ते आऊटर म्हणतात.

रूपाताई आत आल्या. काकूंनी त्यांना कॉटवर बसवलं, लगेच उठवलं, पुन्हा बसवलं. अंबाडा फळीला लागला नाही. सगळे हसत होते. पण मला माहीत होतं की खरी परीक्षा आत्ता आहे. चढावर धावणारी गाडी वर जाते ती वेगाच्या जोरावर. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं हे सगळ्यात अवघड. हेलिक्सवर ती एकदाही उचलली नव्हती.

पूल खाली टेकवला. मी कंट्रोलरकडे हात नेला.

"थांब पोरी," अण्णा म्हणाले. "घाटात ही ड्युटी माझी."

त्यांनी नॉब इतका सावकाश फिरवला की काही होतच नाही असं वाटलं. डब्यांच्या जोडण्या एकेक करून ताणल्या गेल्या, ते कट् कट् ऐकू आलं. चाक एकदा जागेवर फिरलं. अण्णांनी नॉब केसभर मागे घेतला, पुन्हा दिला. गाडी हलली. पूल ओलांडला, पुढची भिंत गेली, खिडकीवरून गेली, आणि शेवटच्या डब्यासकट वाठारला जाऊन उभी राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू म्हणाल्या, "झालं न्हवं? आता जावईबापूंना च्या टाका कुनीतरी." चहा अण्णांनी टाकला.

आता त्या कडीला पाळणा आहे. मुलगी झाली. रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालून धुरी देतात, आणि तो धूर रुळावर बसतो. रूळ काळा पडला की चाकाला करंट मिळत नाही. म्हणून अण्णा रोज फडकं घेऊन अख्खा घाट पुसतात. "जन्मभर इंजिन चालवलं आनि म्हातारपणी रूळ सांभाळणारा गँगमन झालो," असं मला फोनवर म्हणाले. बाळ झोपलं की गाडी बंद, हा काकूंचा नियम. त्यामुळे वाठारला गाडी बऱ्याचदा लेट असते.

सरांनी मला पुढचं काम दिलं. एका डॉक्टरांची गच्चीवरची खोली. तिथे गेल्यावर मी टेप बाहेर काढला नाही. आधी त्यांच्या आईंना विचारलं की पुढच्या वर्षी या खोलीत कोण राहणार आहे. मग छताकडे बघितलं. कडी होती. मी तिला हात लावला नाही.